मठपती सर आणि ‘पारंपरिक’

सकाळी साडेसातला आमच्या गल्लीत घंटागाडी येते आणि मठपती सर धाडकन खिडकी लावून घेतात. कचऱ्याच्या वासाची त्यांची तक्रार नाही. तक्रार आहे ती गाडीवर वाजणाऱ्या गाण्याची. ओला कचरा वेगळा ठेवा, सुका वेगळा ठेवा, अशा अर्थाचं ते गाणं भोंग्यातून गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जातं. चाल सोपी आहे, ताल पक्का आहे. सरांना त्यात चूक सापडलेली नाही, हीच खरी अडचण आहे.

‘‘रोज आख्खं सोलापूर ऐकतंय,’’ बंद खिडकीच्या आडून ते मला एकदा म्हणाले. ‘‘पोरांना पाठ हाय, म्हाताऱ्यांना पाठ हाय. कोण हाय तो चाल लावणारा? काय नशीब घिऊन आलाय बघा की.’’

सिद्रामय्या मठपती, वय एकाहत्तर, मुलींच्या एका शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक. घर बाळीवेशीच्या मागच्या गल्लीत, माझ्या घराला भिंत लागून. व्यवसाय विचारला तर ‘शिक्षक’ असं ते सांगत नाहीत, ‘बंदिशकार’ सांगतात. शास्त्रीय गाणारे ज्या दोन-चार ओळींच्या पदावर तास तास गातात, ती बंदिश. ती कुणीतरी रचलेली असते, एवढंही पुष्कळांना माहीत नसतं. आरोग्याची पाहणी करायला आलेल्या बाईंना सरांनी ‘बंदिशकार’ म्हणून सांगितलं, तेव्हा बाईंनी अर्जात ‘बंदोबस्त’ असं लिहून घेतलं आणि ‘‘ड्यूटी रात्रीची असते का?’’ म्हणून विचारलं. सरांनी ते खोडायला लावलं नाही. ‘‘पोलिसाला तरी मान हाय,’’ म्हणाले.

मी तीस वर्षं इथल्या एका दैनिकात काढली. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते पाहिलेलं किंवा ऐकलेलं आहे. जिथे अंदाज आहे तिथे तसं म्हटलं आहे.

सरांना हेवा वाटतो. हे वाक्य मी विचार करून लिहिलं आहे. कुणाचा, असं विचारायचं कारण नाही. पलीकडच्या घरातल्या कुकरची शिट्टी बरोबर काळी दोनमध्ये वाजते, याचा त्यांना हेवा वाटतो, कारण त्यांच्या स्वतःच्या गळ्याला कुठलीच पट्टी कधी नीट मानवली नाही. मोबाइलच्या रिंगटोनचा त्यांना हेवा वाटतो. मागे घेताना मोटारी जे गाणं वाजवतात त्याचाही वाटतो. ‘‘गाडी मागं घेतानासुद्दा लोक दुसऱ्याचंच ऐकतात,’’ असं ते म्हणतात.

कुणाचं कौतुक करायची वेळ आलीच तर त्यांच्याकडे एकच वाक्य आहे: ‘‘ठीक हाय. समेवर आला, एवढंच.’’ सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. तिथे चुकला तर गाणारा संपलाच. त्यामुळे या वाक्यात ‘पडला नाही’ यापलीकडे काही नसतं. माझ्या मुलीचं लग्न व्यवस्थित पार पडलं, तेव्हाही जेवणाच्या पंगतीतून उठताना ते हेच म्हणाले. निवडणुकीच्या निकालावर हेच म्हणाले. शेजारच्या जाधवांचं हृदयाचं ऑपरेशन यशस्वी झालं, तेव्हा भेटायला जाऊन, पलंगाशी उभं राहून, हेच म्हणाले. जाधवांना ते आवडलं नाही.

मी नोकरीत होतो तेव्हा सर एकदा कार्यालयात आले. खुर्ची ओढून बसले, चहा घेतला आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘‘पेपरवाले, मी गेलो तर किती छापचाल?’’

मी म्हटलं, ‘‘सर, असं काय बोलता?’’

‘‘अंदाज सांगा की.’’

त्या धंद्यात खोटं बोलणं अवघड जातं. मी म्हटलं, ‘‘एक कॉलम. पाच-सहा ओळी. अंत्ययात्रेची वेळ धरून.’’

‘‘बरं. आन भालू गेला तर?’’

‘‘तीन कॉलम. फोटो. कदाचित पहिल्या पानावर.’’

सर उठले. चहा अर्धा होता. पुढचे आठ दिवस भिंतीपलीकडून पेटीचा आवाज आला नाही. नवव्या दिवशी आला आणि त्याच दिवशी एक नवी बंदिश झाली, असं मला पुढे कळलं.

हा भालू म्हणजे पुण्याचे एक मोठे गायक. सरांचे गुरुबंधू. दोघं एकाच गुरूकडे, इथेच सोलापुरात, एकाच सतरंजीवर बसून शिकले. लोक आता त्यांना पंडितजी म्हणतात. सर भालूच म्हणतात, आणि ते मुद्दाम म्हणतात. भालूचं घर अकलूजच्या बाजूचं, बागायती. सरांचं अक्कलकोटच्या बाजूचं, कोरडं. सरांच्या मते सगळा फरक तिथेच पडला. ‘‘त्येच्याकडं ऊस हुता, माझ्याकडं ज्वारी. उसावर गळा गोड हुतोच की. त्यात त्येनं काय केलं?’’

खरं कारण वेगळं होतं आणि तेही त्यांनीच सांगितलं. विसाव्या वर्षी सरांचा आवाज फुटला तो पुन्हा जुळला नाही. गुरुजींनी दोघांना समोर बसवलं आणि भालूला म्हणाले, तू गा. मठपतीला म्हणाले, तू रच.

‘‘रच म्हंजे काय, कळलं का तुमाला?’’ सरांनी मला विचारलं. ‘‘रच म्हंजे गप बस.’’

सर रचत राहिले. लांबट, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत. पन्नासेक वर्षांत अडीचशेच्या वर बंदिशी झाल्या. शब्द ब्रज भाषेतले, कारण रिवाज तसा आहे. विषय मात्र आमच्या शहराचे, आणि ते वाचणाऱ्याला कळत नाहीत. ‘बिजुरी गई री’ अशी त्यांची एक मल्हारातली चीज आहे. बंदिशीलाच चीज म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं ढगात चमकून गेलेली वीज. ती आमच्या गल्लीतली गेलेली वीज आहे. ट्रान्सफॉर्मर जळाला होता. भालूच्या पुण्यातल्या सत्कारावरून परत येताना एसटी मोडनिंबला बंद पडली, तेव्हा फलाटावर बसून त्यांनी एक तराणा केला. वहीत प्रत्येक रचनेच्या समासात कारण लिहिलेलं असतं. तिथे लिहिलं आहे: ‘भालूचा सत्कार. मोडनिंब. चहा वाईट.’

त्या वहीत एकूण बारा बंदिशींच्या समासात भालू आहे. एका अर्थाने पंडितजींनी सोलापूरच्या संगीतात घातलेली भर मोठी आहे.

आता ज्या बंदिशीमुळे हे सगळं घडलं, तिच्याकडे येतो. तिच्या समासात एकच शब्द आहे: ‘नळ’.

सोलापुरात पाणी रोज येत नाही. इथे माणसं वार विसरतात, पण ‘पाण्याचा दिवस’ विसरत नाहीत. तीसेक वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत घरोघरी नळही नव्हते. तोंडाशी एक सार्वजनिक नळ होता आणि घागरी, कळशा, डबे यांची रांग त्याच्यापासून मारुतीच्या पारापर्यंत जायची. एका रविवारी पाण्याचा दिवस होता आणि पाणी आलं नाही. सरांनी पेटी ओढली आणि यमन रागात ही चीज बांधली:

चार दिन बीते, अजहूँ न आए,
रीती पड़ी मोरी गगरिया।
सिधरंग कहे, धीर धरो री,
आवन की धुन सुन बावरिया।

चार दिवस झाले, अजून आला नाही, माझी घागर रिकामी पडली आहे. सिधरंग म्हणतो, धीर धर. वेडे, येण्याची चाहूल ऐक. ही चाहूल म्हणजे पाणी यायच्या आधी नळातून जी हवा फुसफुसते, ती. शेवटचा तुकडा तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, गेला की पेटीवर तसा आवाज सर काढूनही दाखवतात.

सिधरंग म्हणजे सर स्वतः. बंदिशकार आपलं टोपणनाव असं ओळीत गुंफतो. त्याला मुद्रा म्हणतात. बंदिश तोंडोतोंडी फिरते, वही तिच्याबरोबर फिरत नाही. तेव्हा रचणाऱ्याचं नाव टिकलं तर या मुद्रेमुळेच टिकतं. ती गेली की बंदिश पोरकी होते, आणि पोरक्या बंदिशीला कार्यक्रमपत्रिकेत एक ठरलेला बाप मिळतो: ‘पारंपरिक’.

गेल्या वर्षी श्रावणात एका दुपारी सर मोबाइल हातात घेऊन माझ्या घरी आले. पायात चपला नव्हत्या.

‘‘ऐका,’’ म्हणाले.

पुण्यातली एक तरुण गायिका गात होती. नाव अदिती, पंडितजींची, म्हणजे भालूची, शिष्या. आवाज भरीव, तान स्वच्छ. ती ‘चार दिन बीते’ गात होती. सुरुवातीला तिने दोन वाक्यं सांगितली होती: ही यमनमधली एक जुनी पारंपरिक बंदिश आहे, विरहात चार दिवस चार युगांसारखे वाटणाऱ्या राधेची. खाली ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रिया होत्या. ‘डोळ्यांत पाणी आलं’ असं एकाने लिहिलं होतं.

‘‘ह्येच्या डोळ्यात आलं,’’ सर म्हणाले. ‘‘नळाला आलं न्हवतं.’’

मग त्यांनी अंतरा, म्हणजे बंदिशीच्या शेवटच्या दोन ओळी, पुन्हा लावला. ‘सिधरंग कहे’ असं जिथे हवं होतं तिथे ती ‘अवर कहे’ असं गात होती. अवर म्हणजे इतर, दुसरे. दुसरे म्हणतात, धीर धर. अर्थ लागत होता, वाईट नव्हता.

‘‘मात्रा कमी पडतीय बघा. ‘व’ ओढावा लागतोय तिला. माझा शब्द काढून तितं दुसरा बसवलाय.’’ त्यांचा अंगठा मोबाइलच्या काचेवर दाबला गेला होता आणि गाणं थांबलं होतं. ‘‘अवर! दुसरे! नाव खरवडलं ते खरवडलं, वर लिवलंय काय, तर दुसरे. ह्ये भालूचं काम हाय. त्येचा विनोद असलाच असतो.’’

त्या दिवसापासून सरांच्या मत्सराच्या यादीत भालूच्याही वर एक नाव गेलं. ‘पारंपरिक’ हा जणू शुक्रवार पेठेत राहणारा कुणी गृहस्थ आहे, अशा थाटात ते त्याच्याविषयी बोलू लागले. कार्यक्रमपत्रिका हाती आली की आधी तोच शोधायचे. ‘‘आज पारंपरिकच्या तीन हायेत. रियाज न्हाई, वही न्हाई, जिवंतसुद्दा न्हाई, आन कार्यक्रम बघा त्येचे. मेल्यावर एक कॉलमसुद्दा लागला नसंल त्येला.’’

त्यांना बातमी हवी होती. ‘सोलापूरच्या बंदिशकाराची रचना पळवली’ असं शीर्षकही त्यांनी आणलं होतं. मी सांगितलं की मी निवृत्त आहे. आणि नसतो तरी दुसरी बाजू घेतल्याशिवाय छापलं नसतं.

‘‘दुसरी बाजू भालूची. त्यो न्हाई म्हणणार.’’

‘‘मग त्या बाईंना विचारू.’’

‘‘कुटं भेटणार ती?’’

ती दिवाळीनंतर सोलापुरातच भेटणार होती. इथल्या एका संगीतसभेने तिचं गाणं ठेवलं होतं. जाहिरात मीच सरांना दाखवली. चूक असेल तर ती माझी.

दिवाळीपर्यंतचे दिवस सरांच्या तयारीत गेले. ती बंदिश गायला लागली की अंतऱ्याला उभं राहायचं, वही वर धरायची आणि एकच वाक्य बोलायचं, असं ठरलं. वाक्य कोणतं, ते ठरत नव्हतं. ‘‘बाई, थांबा’’ हे उद्धट वाटत होतं. ‘‘क्षमा असावी’’ म्हटलं की पुढचं बोलताच येत नव्हतं. शेवटी ‘‘ही माझी हाय’’ एवढंच ठेवलं. ते माझ्या बैठकीत उभे राहून मला म्हणून दाखवायचे. दारातून एकदा कुरिअरवाला आला आणि सर वही वर धरून ‘‘ही माझी हाय’’ म्हणाले. त्याने पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि सही घेतली.

एका गोष्टीची मी नोंद करून ठेवतो. त्या दिवसांत मी सरांना विचारलं होतं की ही बंदिश तुम्ही कुणाकुणाला शिकवली होती? चोरी कुठून झाली हे कळायला ते लागतंच.

‘‘कुणालाच न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘शाळंत ह्ये कोण शिकणार? तितं स्वागतगीत आन झेंडागीत. भालूला एकदा कागदावर लिवून पाठवली हुती, पोस्टानं. उत्तर न्हाई आलं.’’

‘‘कुणी गायलीच नाही कधी?’’

‘‘कोण गाणार? मला गळा न्हाई.’’

असं म्हणून ते घरी गेले. त्या घरात ते एकटे असतात. मुलगा बंगळुरूला आहे. महादेवी काकू, त्यांच्या पत्नी, जाऊन सहा वर्षं झाली.

गाण्याच्या दिवशी सरांनी काळा कोट घातला. तो त्यांनी निवृत्तीच्या समारंभाला शिवला होता. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. अदिती तिशीची होती, साडी साधी, बोलणं कमी. यमनने सुरुवात केली आणि पाऊण तास तो संथ, नीट मांडला. मी सरांकडे पाहत होतो. त्यांनी मान हलवली नाही. एकदाच पुटपुटले, ‘‘समेवर आली.’’

मग तिने सांगितलं, ‘‘आता एक पारंपरिक बंदिश.’’

सरांनी वही काढली. स्थायी, म्हणजे पहिल्या दोन ओळी, झाली. अंतरा आला. ‘अवर कहे’ झालं आणि सर उभे राहिले. पण त्याच क्षणी तिने एक अवघड तिहाई घेतली, एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर आली, तबल्याने ती जुळवली आणि सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. काळ्या कोटातले एक वयस्कर गृहस्थ भारावून उभे राहिले आहेत, हातात वही आहे, हे लोकांनी पाहिलं. मागचे चार-पाच जण उभे राहिले. मग पुढचे राहिले. मग सगळेच. तिने हात जोडले, आणि जोडताना खास सरांकडे पाहून मान लववली. सर खाली बसले.

‘‘तिला आणखी टाळ्या मिळवून दिल्या मी,’’ ते म्हणाले.

मध्यंतरात मी त्यांना रंगमंचामागच्या खोलीत नेलं. अदिती स्टीलच्या पेल्यातून गरम पाणी पीत होती. मी ओळख करून दिली: मठपती सर, इथले बंदिशकार. तिने उठून त्यांच्या पायांना हात लावला. त्यामुळे सरांची जुळवाजुळव थोडी बिघडली.

‘‘ही चीज तुमाला भालूनं दिली का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘कोणी?’’

‘‘तुमच्या पंडितजींनी.’’

‘‘छे! गुरुजींना ती मी गाते हेच आवडत नाही. म्हणतात, हे नळावरचं गाणं आहे, मैफिलीत कशाला?’’ ती हसली. ‘‘आणि तसं ते खरंही आहे, सर. माझी आत्या इथे सरकारी दवाखान्यात नर्स होती. कुठल्याशा वेशीजवळ खोली घेऊन राहायची. तिथे पाण्याच्या रांगेत एक काकू होत्या. नंबर येईपर्यंत त्या गायच्या. गल्लीतल्या बायका मुद्दाम त्यांच्या आसपास घागर लावायच्या म्हणे. आत्याने त्यांच्याकडून वीस-पंचवीस चिजा उचलल्या. ही त्यांतली एक. स्टेजवर नळावरची बंदिश असं कसं सांगणार? म्हणून पारंपरिक म्हणते.’’

मी विचारलं, ‘‘वीस-पंचवीस?’’

‘‘हो. एक मल्हारातली आहे, बिजुरी गई री. एक तराणाही आहे.’’

‘‘मोडनिंब,’’ सर म्हणाले. तिला ते समजलं नाही.

मी मुद्द्यावर आणलं. ‘‘या अंतऱ्यातला शब्द. अवर कहे. तो पहिल्यापासून असाच होता?’’

ती थोडी वरमली. ‘‘नाही, तो मी दुरुस्त केला. आत्या ‘अवरु कहे’ असं म्हणायची. रु वर जोर देऊन. मी पुष्कळ शोधलं, ब्रजमध्ये अवरु असा शब्दच नाही. त्या काकूंना नीट माहीत नसणार. अवर म्हटलं की अर्थ लागतो, म्हणून मी अवर केलं. चुकलं का?’’

सरांनी खुर्ची मागे ओढली आणि बसले. वही मांडीवर उलटी ठेवली.

मला कन्नड मोडकंतोडकं येतं. सोलापुरात राहून तेवढं येतंच. तरी मला उशिरा कळलं. सरांच्या घरात कन्नड बोलत. काकूंचं माहेर मैंदर्गीचं. कन्नडमध्ये अवरु म्हणजे ‘ते’, मान देऊन. मराठी घरातली जुनी बाई नवऱ्याचं नाव न घेता ‘हे म्हणतात’, ‘ते आलेत’ असं बोलते, तसं काकू अवरु म्हणायच्या.

‘‘सिधरंग माझं नाव हाय,’’ सर अदितीला सांगू लागले. ‘‘सिद्राम. नवऱ्याचं नाव ती तोंडानं कसं घेणार? गाण्यात असलं म्हणून काय झालं? त्येवढा एक शब्द बदलला तिनं.’’ मग म्हणाले, ‘‘आन चांगला बदलला की. मी लिवलं, सिधरंग सांगतो धीर धर. ती रांगंत उभं राहून बायकांना सांगतीय, ‘ते’ म्हणतात धीर धर. टोमणा हाय बे तो! त्या रविवारी पाणी न्हाई म्हणून ती चार येळा नळाकडं जाऊन आली. मी पेटीवर. म्हटलं, धीर धर की, यील. खरंच म्हटलं हुतं.’’

अदिती हसली, मग सरांचा चेहरा पाहून थांबली.

‘‘मी एकदा तिला विचारलं हुतं,’’ सर आता माझ्याकडे वळले. ‘‘ही कशी झाली म्हणून. तर म्हणाली, पाणी आलं, घागर द्या. मला वाटलं, हिला कायच कळत न्हाई ह्यातलं. सकाळी मी शाळंत, तुमी रातपाळी करून झोपलेले, पाणी सकाळचं. वीस-पंचवीस म्हणतात ह्या. भिंतीतून ऐकून ऐकून बसवल्या असतील. नर्सबाईला शिकवल्या. आख्ख्या रांगंला ऐकवल्या.’’ त्यांचा आवाज आधीच फुटका. तो आणखी खाली गेला. ‘‘मला एकदा तरी ऐकवायचं की.’’

सरांना हेवा वाटलेला मी असंख्य वेळा पाहिला आहे. घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या, आता कुठे असतील ते माहीत नसलेल्या बायकांचा वाटलेला हेवा त्या सगळ्यांहून मोठा होता. हा माझा अंदाज आहे.

तिसरी घंटा झाली. अदिती म्हणाली, ‘‘सर, मी जाऊन आधी चूक दुरुस्त करते. तुमचं नाव जाहीर करते आणि अंतरा मूळ शब्दासकट गाते. सिधरंग कहे. मला एकदा जागा दाखवा.’’

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते कुणी हातात आणून देतं, तेव्हा माणूस काय करतो हे मला पाहायचं होतं. सरांनी वही उघडली. ती ओळ काढली. तिच्यावर बोट ठेवलं. मग वही मिटली.

‘‘नाव सांगू नका असं काय मी म्हणणार न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘सांगा. गाव पण सांगा. पण शब्दाला हात लावू नका. नाव हाय की त्यात माझं. ती घ्यायची तसंच हाय. फक्त तो उ तेवढा परत घाला.’’

‘‘अवरु?’’

‘‘अवरु. रु वर जरा थांबा.’’

आम्ही जागेवर येऊन बसलो. अदितीने सांगितलं की मघाची बंदिश पारंपरिक नाही, ती याच शहरात रचली गेली आहे, रचणारे सिद्रामय्या मठपती तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि त्यांच्या घरी ती जशी गायली जात होती तशी मी आता गाणार आहे. टाळ्या झाल्या. मघाच्यापेक्षा मोठ्या झाल्या, लांबल्या. लोक वळून वळून पाहू लागले. पहिल्या रांगेतून अध्यक्षांनी हात उंचावला. सरांनी उठून नमस्कार करावा म्हणून मी त्यांना कोपराने खुणावलं.

‘‘थांबा हो,’’ ते चिडून म्हणाले, आणि हाताने टाळ्या वाजवणाऱ्यांना गप्प करू लागले. ‘‘गाऊ दे की तिला.’’

तिने स्थायी एकदाच घेतली आणि लगेच अंतऱ्याला गेली. ‘अवरु कहे’. रु वर ती थांबली, सांगितलं होतं त्याहून थोडी जास्तच.

सर मंचाकडे पाहत नव्हते. त्यांनी मान मागे वळवली होती. पाठीमागे घरचं कुणी आपल्याविषयी बोलत असलं की माणूस सहज वळून बघतो, तशी. मागे लोक होते, त्यांच्यामागे दार होतं. सर थोडा वेळ तिकडे पाहत राहिले, मग सावकाश पुढे वळले.

‘‘हौदु,’’ ते म्हणाले. ‘‘हौदु, हौदु.’’

मी त्यांना काही विचारलं नव्हतं. हौदु म्हणजे हो. तेवढं कन्नड मलाही येतं.